तेराच्या तारा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे आणि दर रविवारी दुपारी कामगार क्लबात ब्लूज गिटार वाजवणे, आज रोजी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता माझ्यामागे काय कोणाला द्यायचे ते लिहून ठेवते, ते येणेप्रमाणे.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. माझ्या अ‍ॅम्पचे, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचे, व्हॉल्व्ह मी आजवर नऊ वेळा बदलले आणि दर वेळी अ‍ॅम्प पुन्हा जागा झाला. पण अ‍ॅम्पला भूल द्यावी लागत नाही. शिवाय सर्जन माझ्या लेकीपेक्षा लहान दिसतो. म्हणून हे आत्ताच उरकून घेत आहे.

डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी एकोणऐंशीपर्यंत गेले आणि मग त्यांना विचारले, "तुमच्या मुलाच्या गिटारला पहिली तार कितीची आहे?" त्यांना सांगता आले नाही. त्यांच्या दाखल्याचे काय ते त्यांचे त्यांनी बघावे.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. वकीलबाईंनी आधी टाईप करून आणलेला मसुदा दीड पानाचा होता. कायद्याच्या दृष्टीने तो चोख होता, पण त्यात मी कुठेच नव्हते. माझा मसुदा वाचून त्या म्हणाल्या, "ताई, मृत्युपत्रात भांडणं लिहीत नाहीत."

"मग कुठे लिहितात?" मी विचारले.

त्यांनी पेनाला टोपण लावले, म्हणून हे असेच राहिले आहे.

कलम १. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. पहिले रागात आणि दुसरे त्याहून जास्त रागात. माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, माझ्या मालकीची एक खुंटीसुद्धा मिळू नये, एवढाच त्या दोन्हींचा मथितार्थ होता. ती दोन्ही आज मी रद्द करते. का, ते पुढे येईल.

कलम २. दुसऱ्या मजल्यावरचे राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या एक लेकीला द्यावे. घराच्या खालची लॅब, तिच्यातली भट्टी, पॉलिशचे मशीन, मेणाच्या सुऱ्या आणि गिऱ्हाइके माझ्याकडच्या दोघी कारागिणींना द्यावीत. त्या दोघी माझ्यापेक्षा सुबक दात लावतात. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितले नाही, कारण मग त्यांनी आणखी सुट्ट्या मागितल्या असत्या.

लॅबच्या माळ्यावर चाळीस वर्षांतले प्लास्टरचे जबडे आहेत. या भागातल्या निम्म्या लोकांच्या हसण्यामागे मी आहे आणि त्यातले बरेच जण ते दात स्वतःचेच असल्याचे सांगत फिरतात. ते जबडे कोणाला न दाखवता फोडून टाकावेत. जबड्यांच्या बुडाला पेन्सिलीने नावे लिहिली आहेत, ती वाचू नयेत. वाचलीच तर हसू नये. हसू आलेच तर दार लावून हसावे.

कलम ३. माझ्या कपाटात तेराच्या तारांचे अकरा पुडे शिल्लक आहेत. ते सगळे 'मासिकवाल्या'ला द्यावेत. हा गृहस्थ संगीताच्या एका मासिकात लिहितो. सहा वर्षांपूर्वी त्याने माझ्यावर चार पाने लिहिली. तारा कुठल्या लावते, सूर कसा लावते, आवाज असा का येतो, हे तो मला तीन तास विचारत होता. मी त्याला चहा दिला आणि काहीतरी ठोकून दिले. त्याने ते सगळे छापले. 'या बाईंच्या जाड तारांमागे एक तत्त्वज्ञान आहे', असे त्याचे पहिलेच वाक्य आहे.

तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. माझा थोरला भाऊ आहे.

ज्यांनी कधी गिटार हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. सगळ्यात बारीक तार आठची, तिच्यावर नऊची, दहाची, अशी चढत जाते. तेराची म्हणजे पहिलवानाची. नुसत्या बघितल्या तर आठची आणि तेराची दोन्ही केसासारख्याच. पण ब्लूजमध्ये तार नुसती दाबून भागत नाही, ती बोटाने आडवी खेचावी लागते. तशी खेचली की मगच ती माणसासारखी कण्हते. आठची तार लहान मूलही खेचेल. तेराची खेचताना बोटाच्या पेरापासून मानेपर्यंत कळ जाते.

मी तेरा वर्षांची होते. दादा एकोणीसचा. आमच्या घरात एकच गिटार होती, ती त्याची. तो बाहेर गेला की मी ती पलंगाखालून काढायचे. एकदा त्याने मला पकडले. मारले वगैरे नाही. गिटार माझ्या हातातून काढून घेतली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बारके, हिला तेराच्या तारा आहेत. पुरुषाची बोटं लागतात त्याला. तुला जन्मात झेपायच्या नाहीत."

तेवढे बोलून तो जेवायला बसला. मी मात्र त्या वाक्यावर त्रेपन्न वर्षे काढली.

सतराव्या वर्षी लॅबमध्ये प्लास्टर कालवायला लागले. पहिल्या पगारात एक जुनी गिटार घेतली आणि दुकानदाराला म्हटले, "तेराच्या तारा द्या."

तो म्हणाला, "नऊच्या घे पोरी. बोटं सोलून निघतील."

"तेराच्याच द्या."

बोटे सोलून निघाली. लॅबमध्ये दात चिकटवायचा जो गोंद असतो तो मी बोटांच्या टोकांना लावायचे आणि वाजवायचे. रक्त गिटारच्या दांडीवर यायचे, मग प्लास्टरमध्ये, मग कोणाच्या तरी जबड्यात. लॅबचे साहेब ओरडायचे. तीन वर्षांनी माझ्या बोटांना असे घट्टे पडले की गरम मेणही कळेना. तेराच्या तारा मी दीड-दीड स्वर खेचू लागले. लोक म्हणायचे, काय ताकद आहे बाईच्या हातात! ताकद कसली? मला कळ लागली की दादाचे तोंड दिसायचे आणि मी आणखी खेचायचे.

त्या तारांनी माझ्या डाव्या हाताची काय गत केली ते मासिकवाल्याच्या लेखात नाही. साठाव्या वर्षी करंगळी वळायची थांबली. मग अनामिका. आता मधले बोट कधी हो म्हणते, कधी नाही. म्हणून मी करंगळीत धातूची नळी घालून ती तारांवरून घसरवत वाजवते. ती नळी मी लॅबच्या भट्टीत कवळीच्या धातूची ओतून घेतली आहे. मासिकवाला आता दुसऱ्या लेखात लिहितो की, 'उतारवयात त्यांनी नळीचा मार्ग निवडला'. निवडला कुठला? बोटे वळत नाहीत बाबा.

तर ते अकरा पुडे त्याला द्यावेत. त्याने ते एक महिना स्वतःच्या गिटारला लावून वाजवावेत आणि मग जे सुचेल ते लिहावे. लिहिता आले तर.

कलम ४. माझा नवरा, ज्याला सगळे खर्ज म्हणायचे, त्याची बास गिटार कामगार क्लबाला द्यावी. आमच्या चमूतला ढोलवादक, ठोक्या, याची तिच्यावर फार वर्षांपासून नजर आहे. पण मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळता कामा नये, असे वकीलबाईंनी सांगितले. ते ऐकल्याबरोबर मी ठोक्याला साक्षीदार केले.

माझी गिटार नेहमीपेक्षा खालच्या सुरात का लावलेली असते, हेही मासिकवाल्याने तत्त्वज्ञानातच घातले आहे. 'अंधाऱ्या पट्टीची ओढ', असे काहीसे. खरे असे की खर्ज गायचा. लग्न झाले तेव्हा त्याला सगळे सूर मिळायचे. पंचेचाळिशीत वरचा एक सूर फाटायला लागला. सांगायची त्याला लाज वाटे. गाणे तिथे आले की तो खोकायचा, नाहीतर श्रोत्यांकडे बघून हात वर करायचा, जणू तिथे त्यांनीच गायचे आहे. दोन महिने मी ते बघितले. मग एका रविवारी क्लबात पोचायच्या आधी मी गिटार अर्ध्या सुराने उतरवली आणि त्याला म्हटले, "तेराच्या तारांनी माझी बोटं दुखतायत. जरा ढिल्या केल्यात. तू पण उतरवून घे."

तो म्हणाला, "तुझ्यासाठी म्हणून करतो हं."

त्या दिवशी तो न खोकता गायला. पुढे दर चार-पाच वर्षांनी माझी बोटे पुन्हा दुखायची आणि गिटार आणखी अर्धा सूर खाली जायची. बोटे तेव्हा दुखत नव्हती असे नाही, त्यामुळे ते अगदीच खोटे नव्हते. शेवटी आम्ही दीड सुराने खाली आलो होतो. तारा इतक्या लोंबत की ठोक्या म्हणायचा, "यावर कपडे वाळत घाला."

खर्ज जाऊन आठ वर्षे झाली. आता कोणी गात नाही. तारा वर चढवायला काहीच हरकत नाही. मी दोन-तीनदा खुंटीला हातही लावला. राहू दे म्हटले.

कलम ५. अ‍ॅम्प लेकीला.

हे तिला आवडणार नाही. ती कान तपासते, तोच तिचा धंदा, आणि माझ्या अ‍ॅम्पने माझे कान गेले असे तिचे म्हणणे आहे. गेल्या वर्षी तिने मला काचेच्या खोलीत बसवून तपासले आणि कागद पुढे केला. "आई, तुझे वरचे सूर गेलेत. म्हणून तू टोनचं बटण पूर्ण उघडून वाजवतेस. तुला ते गोड वाटतं. समोर बसलेल्यांच्या कानात सुया जातात."

"पण सगळे म्हणतात, आवाजाला धार आलीय."

"भीतीने म्हणतात."

हे मी ठोक्याला विचारले. तो म्हणाला, "मी चार वर्षं कापूस घालून बसतोय. सांगणार कोण तुला?"

तरीही अ‍ॅम्प तिलाच, कारण त्यातला आवाज मुळात तिचा आहे. ती चार वर्षांची असताना तिने स्पीकरच्या कागदात पेन्सिल खुपसली. आरपार. मी तिला एक चापट मारली आणि ती पलंगाखाली जाऊन बसली. रविवार होता, दुसरा अ‍ॅम्प मिळण्यासारखा नव्हता. फाटक्या स्पीकरवर वाजवले. प्रत्येक सूर घसा बसल्यासारखा गुरगुरत आला. क्लबातले लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. त्यानंतर मी तो स्पीकर कधी बदलला नाही. माझे नाव झाले ते त्या आवाजावर. तिला मात्र मी पलंगाखालून बाहेर ये म्हणाले नाही. तिला तिच्या बाबाने बाहेर काढले. चाळीस वर्षांत ही गोष्ट मी तिच्याजवळ कधी काढली नाही, तिनेही नाही. ती रविवारी क्लबात येत नाही, बस.

लेकी, पेन्सिल तू खुपसलीस, म्हणूनच तो आवाज लागला. चापट मारायला नको होती. हे तोंडाने सांगायला गेले की माझे भलतेच काहीतरी निघते, म्हणून इथे लिहिले.

कलम ६. माझ्या अंत्यविधीला कोणी भाषण करू नये. दोन मिनिटे शांतताही पाळू नये, कारण ठोक्याला ते जमत नाही. खर्जाच्या वेळी तो दीड मिनिटाने मांडीवर ठेका धरून बसला होता. कोणाला वाजवायचेच असेल तर आधी गिटार सुरात लावून घ्यावी.

कलम ७. दादाबद्दल.

दादाने तिसाव्या वर्षी गिटार सोडली आणि शाळा तपासनीस झाला. तेव्हापासून जिथे चार माणसे भेटतील तिथे तो सांगायचा, "ही माझी बहीण. मीच शिकवली." मी ते गिळायचे. आईने जाण्यापूर्वी आम्हा दोघांना जवळ बसवून सांगितले होते की घरातली गिटार बारकीला द्या, ती वाजवते. आईचे घर आवरायच्या दिवशी दादा आला आणि त्याने पहिल्यांदा ती गिटारच उचलली.

मी म्हटले, "वाजवणार आहेस का?"

तो म्हणाला, "भिंतीवर छान दिसेल."

त्या दिवसापासून एकोणीस वर्षे आम्ही बोललो नाही. लग्नकार्यांत दोन टोकांना बसायचो. मधे वहिनी बिचारी दोन्हीकडे फिरायची, आणि आमचे नातेवाईक असे की दोघांनाही नेमाने एकमेकांच्या खबरी पुरवायचे.

दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी दुपारी लॅबमध्ये वहिनीचा फोन आला. दादाला अर्धांगवायूचा झटका येऊन महिना झाला होता. उजवी बाजू गेली होती. "बोललेलं कोणाला कळत नाही," वहिनी म्हणाली, "पण तुझं नाव घेतात असं मला वाटतं. नाहीतर बाजरी म्हणत असतील. येऊन जाशील का?"

मी अ‍ॅप्रनवरच गेले. वाटेत भांडणाची सगळी वाक्ये पाठ केली. एकोणीस वर्षांची तयारी होती.

दादा खिडकीजवळच्या खुर्चीत होता. तोंड उजवीकडे उतरलेले, उजवा हात मांडीवर कोणीतरी ठेवून विसरल्यासारखा. मला बघून त्याने काहीतरी म्हटले. खरोखर बाजरीसारखेच ऐकू आले. माझी पाठ केलेली वाक्ये गेली कुठच्या कुठे. काय करावे कळेना म्हणून मी भिंतीवरची गिटार काढली. धूळ झाडली, मांडीवर घेतली, पहिल्या तारेवर बोट टेकवले.

पन्नास वर्षे मी तेराच्या तारा हाताळल्या आहेत. डोळे बांधले तरी मला कळते. बोटाखालची तार तेराची नव्हती.

अ‍ॅप्रनच्या खिशात माझा जाडीमापक होता. कवळीचे मेण कुठे पातळ झाले ते बघायला आम्ही वापरतो तो. मी तो तारेला लावला. दोन-दशांश मिलिमीटर. आठची तार. बाजारात मिळते त्यातली सगळ्यात बारीक.

मी मान वर केली. दादा माझ्याकडेच बघत होता.

"आठ?" मी म्हटले.

त्याने मान डोलावली.

"तेव्हाही?"

पुन्हा मान डोलावली.

"मग तेरा कुठून आणलेस?"

तो बराच वेळ झगडला. वहिनीने कान त्याच्या तोंडाजवळ नेला आणि एकेक शब्द मला सांगितला. "म्हणतात... तेराच्या तारा... त्यांनी बघितल्यासुद्धा नव्हत्या. दुकानातल्या फळीवर... तो आकडा... वाचला होता. म्हणतात, तू घाबरशील... आणि गिटारला हात लावणार नाहीस."

मी माझ्या डाव्या हाताकडे बघितले. तीन वाकडी बोटे. आणि मग मला हसू फुटले. इतके की वहिनी घाबरून उठली. मी हात वर करून दादाला दाखवला आणि म्हटले, "हे बघ काय केलंस, गाढवा! एका थापेपायी!"

आधी त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. मग तोही हसायला लागला, डाव्या अर्ध्या तोंडाने. आणि हसता हसता त्याची वरची कवळी सुटून मांडीवर पडली.

मी ती उचलली. उलटी करून बघितली. दुसऱ्या लॅबची होती. हा घाव मात्र मला खरा लागला. भाऊ म्हणून तू मला तोडलेस, ठीक आहे. पण दात बाहेरून करून घेतलेस? आणि तेही असले? तोंडाची एक बाजू उतरल्यावर ती कवळी बसणार तरी कुठे? बोलणे कोणाला कळत नव्हते त्याला अर्धे कारण झटका होता आणि अर्धे ते भिकार काम.

दुसऱ्या दिवशी मी जबड्याचा ठसा घ्यायचे सामान घेऊन गेले. ठसा घेताना माणसाला बोलता येत नाही, तो सगळा वेळ मी बोलले. एकोणीस वर्षांचे जे पाठ होते ते सगळे. तो तोंडात ठशाचा चमचा धरून ऐकत राहिला. नंतर तीन आठवडे त्या कवळीवर काम केले. उजव्या बाजूला गालाला टेकू मिळावा म्हणून जाडी वाढवली, जीभ अडखळू नये म्हणून टाळू पातळ केला. सहा वेळा लावून बघितली, सहा वेळा घासली. इतकी मेहनत मी कुठल्याच तोंडावर घेतलेली नाही.

ती बसली त्या दिवशी बुधवार होता. मी माझी गिटार नेली होती. कवळी लावल्यावर म्हटले, आता जरा तोंडाची सवय होऊ दे, तोवर मी वाजवते. चार सूर वाजवले असतील. दादाने जीभ टाळूला लावून बघितली, दात मिटले, उघडले, आणि स्पष्ट, खणखणीत म्हणाला, "तिसरी तार उतरलीय."

वहिनी रडायला लागली. दोन महिन्यांत त्याचे ते पहिले पूर्ण वाक्य होते.

मी म्हटले, "काही उतरलेली नाही."

"उतरलीय."

सूर मोजायचे मशीन लावून बघितले. उतरली होती. मी ती वर चढवली आणि दादाला एक शिवी दिली, ती वकीलबाईंनी खोडायला लावली आहे.

त्यानंतर दर बुधवारी मी जाऊ लागले. त्याच्या गिटारला नव्या तारा चढवल्या, आठच्याच. एकदा त्याने डावा हात पुढे केला आणि दांडीवर बोटे ठेवली. डावा हात त्याचा चांगला आहे. माझा डावा गेलाय आणि उजवा चांगला आहे. मी त्याच्या उजवीकडे सोफ्यावर सरकले, गिटार दोघांच्या मांड्यांवर आडवी घेतली. त्याने पडद्यांवर तार दाबली, मी छेडली. आवाज झाला तो ओरखडल्यासारखा. तो म्हणाला, "लवकर छेडलीस." मी म्हणाले, "तू उशिरा दाबलीस." वहिनी म्हणाली, "पहिल्या मिनिटालाच भांडण?"

तेव्हापासून आम्ही दोघे मिळून एक गिटार वाजवतो. वाईट वाजवतो. तो चुकीच्या पडद्यावर जातो आणि मी चूक झाकायला जोरात छेडते. पण कधी कधी, तीन-चार आठवड्यांतून एकदा, एखादी ओळ अशी येते की दोघेही थांबतो. त्याने आठची तार खेचलेली असते आणि ती कण्हते, अगदी तेराच्या तारेसारखी. वहिनी स्वयंपाकघरातून विचारते, "काय झालं? थांबलात का?"

आता मिळकतीचे. माझी गिटार दादाला द्यावी. त्याच्या भिंतीवर जागा आहेच. दादा माझ्याआधी गेल्यास ती वहिनीला द्यावी आणि वहिनीने तिचे काय करायचे ते करावे. आम्हा तिघांत शहाणी तीच आहे. आईने सांगितलेली गिटार दादाकडेच राहू द्यावी. तो वाद मी सोडला.

कलम ८. हे शेवटचे कलम लिहिताना माझी लेक समोर बसली आहे. हॉस्पिटलची बॅग भरायला आली होती. तिलाच या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते आणि तिच्यावर एक काम सोपवते. गुरुवारी माझी झडप नीट बसली नाही, तर दादाच्या डाव्या हाताला उजवा हात उरणार नाही. वहिनीला सांधेदुखी आहे. ठोक्याला तारेचे वाद्य दिले तर तो ते बडवेल. म्हणून दर बुधवारी दुपारी लेकीने तिच्या मामाकडे जावे, त्याच्या उजवीकडे सोफ्यावर बसावे आणि तो तार दाबेल तेव्हा छेडावी.

हे तिला वाचून दाखवले. ती बॅगेत टॉवेल घालत होती, ती थांबली.

"आई, मला वाजवता येत नाही."

"मामालाही येत नाही."

"मी गुरुवारनंतर जाणार नाही," ती म्हणाली.

मी पेन खाली ठेवले. म्हटले, ठीक आहे, जबरदस्ती नाही, खोडते.

"खोडू नकोस. उद्या बुधवार आहे. गुरुवारच्या आधीच मला दाखव कसं करायचं ते. तू मधे बस."

वरील आठही कलमे मी स्वतः लिहिली, वाचली आणि मोठ्याने वाचून दाखवली. खाडाखोड माझीच आहे. कलम ८ च्या कागदावर ओला डाग आहे, तो चहाचा समजावा.

लिहून ठेवणारीची सही: (उजव्या हाताने, स्पष्ट)

साक्षीदार पहिला: ठोक्या. धंदा पूर्वी छपाई कामगार, आता ढोल. यातून आपल्याला काही मिळत नाही हे समजावून सांगितले असता 'बास तरी द्या' असे म्हणालो. बाईंनी माझ्यासमोर सही केली, मी बाईंसमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. बाई शुद्धीत आहेत. गेली तीस वर्षे त्या माझ्या ठशांना नावे ठेवत आहेत, आजही ठेवली.

ठिकाण: राहते घर, दुसरा मजला, पुढची खोली.

तारीख: मंगळवार, पंधरा ऑक्टोबर दोन हजार चोवीस, सकाळी सव्वाअकरा.